क्लोरीन टाकूनही पाणी पुन्हा पुन्हा हिरवे होते: बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरगुती जलतरण तलावाची तपासणी आणि दुरुस्ती

वरूड तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत, शेतघराला लागून, २५ फूट लांब, १४ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल असा एक छोटा जलतरण तलाव आहे. उन्हाळ्याच्या सुट्यांत येणाऱ्या मुलांसाठी तो बांधला. परंतु पहिले दोन उन्हाळे मुले पोहली त्यापेक्षा आम्हीच शेवाळ अधिक घासले. क्रम ठरलेला असे. ब्लिचिंग पावडर टाकली की पाणी दुधाळ होई, दोन-तीन दिवसांनी निवळे, चार दिवस बरे दिसे आणि आठव्या-नवव्या दिवशी सकाळी आमचा सालदार येऊन सांगे, "भाऊ, पानी पुन्हा हिरवं होऊन रायलं." मग अधिक पावडर, अधिक दुधाळपणा, आणि पुन्हा तेच. विदर्भातील ज्या शेतघरांत किंवा कृषी पर्यटन केंद्रांत तलाव बोअरच्या पाण्याने भरला जातो, तेथे थोड्याफार फरकाने हीच तक्रार ऐकू येते. म्हणून तिचे मूळ कसे शोधले आणि पाणी कसे ताळ्यावर आणले, ते मोजमापांसह लिहितो आहे.

प्रथम एक स्पष्ट करतो. आमच्या तलावात क्लोरीन कमी पडत नव्हते. पडलेले क्लोरीन निकामी होत होते, आणि ते निकामी करणारे पाणी आम्ही रोज स्वतःच्या हाताने भरत होतो.

तलावात किती पाणी आहे, हे आधी काढावे

मात्रा पाण्याच्या घनफळावर ठरते, आणि बहुतेकांना आपल्या तलावाचे घनफळ अंदाजानेच ठाऊक असते. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत गुणून येणाऱ्या आकड्याला २८.३ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. आमचा तलाव १,४०० घनफूट, म्हणजे सुमारे ४० हजार लिटरचा आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून एवढे लक्षात ठेवावे की १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम पदार्थ म्हणजे १ पीपीएम. त्यामुळे आमच्याकडे १ पीपीएम क्लोरीन वाढवायचे तर ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागते. ताज्या ब्लिचिंग पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण ३० ते ३५ टक्के असते, म्हणून तेच काम १२० ग्रॅम पावडर करते. मात्र पत्र्याच्या शेडमध्ये उघड्या पोत्यात राहिलेली पावडर उष्णतेने आणि दमटपणाने निम्म्याहून अधिक शक्ती गमावू शकते. पाव किलो टाकून २ पीपीएम मिळतील असे आपण समजतो आणि प्रत्यक्षात १ सुद्धा मिळत नाही. माझे पोते गेल्या पावसाळ्यातले होते, हे नंतर लक्षात आले.

बादलीची चाचणी

तपासणी संच घेतल्यावर मी पहिली चूक केली ती अशी. बोअरच्या नळाखाली नमुना धरून सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा) मोजला आणि तो ७.२ आला. माती परीक्षणाच्या पत्रिकेमुळे सामू हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. तलावासाठी तो ७.२ ते ७.८ असावा लागतो. म्हणजे आपले पाणी उत्तम, असे मानून मी आठ दिवस भलतीकडेच शोध घेत राहिलो.

खडकातून नुकत्याच वर आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणात विरघळलेला असतो आणि तो असेपर्यंत सामू खाली दबलेला राहतो. उघड्यावर आल्यावर हा वायू हळूहळू निघून जातो आणि सामू वर चढतो. हे पाहायचे असेल तर बोअरचे पाणी बादलीत भरावे, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वीस-पंचवीस वेळा ओतावे, रात्रभर उघडे ठेवावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. माझ्या बादलीत दुसऱ्या दिवशी संचाच्या रंगपट्टीवरचा शेवटचा, गडद रंग आला, आणि पाण्याच्या कडेला पांढरट साय धरली होती. येथे एक बारकावा आहे. घरगुती संचातील फिनॉल रेड हे द्रावण साधारण ६.८ ते ८.२ एवढ्याच पल्ल्यात रंग बदलते. त्यामुळे ८.२ चा रंग दिसणे म्हणजे सामू ८.२ किंवा त्याहून कितीही अधिक असणे होय. तलावाचा रंगही तोच आला.

सामूचा क्लोरीनशी संबंध काय, हे समजले की सगळे कोडे उलगडते. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहते. हायपोक्लोरस आम्ल हे जंतू आणि शेवाळ मारणारे रूप, तर हायपोक्लोराइट हे त्या मानाने फारच मंद. सामू ७.५ असताना दोन्ही साधारण निम्मे-निम्मे असतात, ७.२ ला सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असते, आणि ८.२ ला जेमतेम सहावा हिस्सा. म्हणजे चाचणीत ३ पीपीएम दिसत असले, तरी शेवाळाला जाणवते ते अर्ध्या पीपीएमएवढेच. शिवाय ब्लिचिंग पावडर स्वतः चुन्यापासून बनलेली, अल्कधर्मी असते. आधीच कॅल्शियमने भरलेल्या पाण्यात ती पडली की सामू आणखी वर जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण तयार होऊन पाणी दुधाळ दिसते. आम्ही ज्याला 'औषध लागू पडले' असे समजत होतो, तो वास्तविक पाण्यात साचणारा चुनखडा होता.

दोष परत का येतो: अल्कलिनिटी आणि रोजची भर

सामू आम्ल टाकून एका संध्याकाळी खाली आणता येतो, पण आमच्याकडे तो तिसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर जाई. याचे कारण एकूण अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. ती तलावात ८० ते १२० पीपीएम असावी असा संकेत आहे. तिची चाचणी थेंब मोजून होते: हिरवे झालेले नमुन्याचे पाणी लाल होईपर्यंत थेंब टाकायचे आणि संचाच्या सूचनेनुसार, बहुधा प्रत्येक थेंबाला १० पीपीएम धरून, गुणायचे. तलावाच्या पाण्याला मी ३२ थेंबांपर्यंत गेलो, म्हणजे ३२० पीपीएम. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी ४०० निघाली आणि काठिण्य, म्हणजे पाणी जड करणाऱ्या कॅल्शियमसारख्या क्षारांचे प्रमाण, ४५०.

आता वैशाखातील बाष्पीभवनाचा हिशेब पाहा. तलावाच्या फरशीवर खूण करून, कोणी न पोहता, मी सलग आठवडाभर पातळी मोजली. दिवसाला साधारण १ सेंटीमीटर पाणी उडत होते. आमच्या तलावाच्या पृष्ठभागावर १ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ३२० लिटर. उडते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात, आणि त्यांच्या जोडीला नव्या ३२० लिटरांतले क्षार येतात. आठवड्याला २,२४० लिटर भर घातली की तलावाची अल्कलिनिटी सुमारे २२ पीपीएमने आणि काठिण्य सुमारे २५ पीपीएमने वाढते. दोन महिन्यांत जवळजवळ निम्मा तलाव नव्याने ओतला जातो, तोही फक्त क्षारांच्या बाबतीत. आमच्या आईच्या भाषेत सांगायचे, तर चहाचे पातेले रोज आटवून त्याच जड पाण्याने भरावे आणि तळाशी पापुद्रा का धरला म्हणून नवल करावे, तसा हा प्रकार आहे.

दर्यापूर, मूर्तिजापूर अशा पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथील भूजलात मीठच अधिक असते आणि ते कोणत्याही आम्लाने जात नाही. तेथे तलाव भरण्यासाठी टँकरने आणलेले किंवा पावसाचे साठवलेले गोडे पाणीच वापरावे, असे माझे मत आहे.

दुरुस्तीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे: आधी अल्कलिनिटी, तिच्याबरोबर सामू, आणि मगच क्लोरीन. उलट केले तर पैसे पाण्यात जातात, आणि हा वाक्प्रचार येथे शब्दशः लागू पडतो.

अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवण्यासाठी दर १० हजार लिटरला ३० ते ३३ टक्क्यांचे सुमारे २०० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागते. आमच्या ४० हजार लिटरांना ८०० मिलिलिटर. ३२० वरून १०० वर यायचे तर जवळजवळ साडेसतरा लिटर ॲसिड झाले. ते एकदम ओतणे म्हणजे फरशीचे सांधे खाऊन टाकणे. म्हणून मी रोज संध्याकाळी २ लिटर, असे नऊ दिवस टाकले. प्रत्येक हप्त्याने अल्कलिनिटी २५ च्या आसपास उतरे आणि सामू ७.३-७.४ पर्यंत येई. मग फिल्टरमधून परत येणाऱ्या पाण्याचे तोंड वर वळवून पृष्ठभाग खळखळता ठेवला की रात्रीतून वायू निघून सामू पुन्हा चढे, अल्कलिनिटी मात्र उतरलेलीच राही. दुसऱ्या संध्याकाळी पुढचा हप्ता. हा चढउतार पाहून घाबरू नये. वायू बाहेर घालवण्याचीच ती पद्धत आहे.

ॲसिड हाताळताना प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात ॲसिड सोडावे. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा, वाऱ्याकडे पाठ करावी, पंप चालू ठेवून खोल बाजूला धार पसरत ओतावे आणि मुलांना त्या वेळी तलावाच्या आसपास फिरकू देऊ नये. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड यांचा संपर्क आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोन्हींच्या बादल्या वेगळ्या, मापे वेगळी आणि टाकण्याच्या वेळांत किमान तासाभराचे अंतर असावे. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या, क्लोरीन देणाऱ्या) गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर कोरड्या अवस्थेतही एका डब्यात ठेवू नयेत. त्यांच्या मिश्रणातून आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो.

अल्कलिनिटी १०० वर आणि सामू ७.३ वर आल्यावर मग शेवाळाचा समाचार घेतला. भिंती आणि तळ ब्रशने घासून, सूर्यास्तानंतर क्लोरीन १२ पीपीएमपर्यंत नेले, म्हणजे ताज्या पावडरीचे सुमारे दीड किलो. पावडर सरळ तलावात टाकू नये; बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्यावी आणि वरचे पाणी तेवढे ओतावे, तळाचा चुना बाहेर टाकावा. ही पातळी पुढचे तीन-चार दिवस मोजून टिकवावी लागते. या काळात मुक्त क्लोरीन दाखवणारे डीपीडी द्रावण किंवा गोळीच वापरावी. पिवळा रंग देणारे स्वस्त ऑर्थोटोलिडीन द्रावण मुक्त आणि बद्ध (अमोनियासारख्या घाणीशी जखडलेले) क्लोरीन एकत्रच दाखवते. डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येऊन नाहीसा झाला, तर क्लोरीन नाही असे समजू नये. ते इतके अधिक असते की रंगच उडतो, आणि अशा वेळी शुद्ध पाणी मिसळून नमुना एकूण दुप्पट किंवा चौपट करून मोजावा व आकडा त्या पटीने वाढवावा.

शेवाळ खरेच मेले की नुसते दिसेनासे झाले, हे ठरवण्याची एक चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटली. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजावे आणि पहाटे ऊन पडण्यापूर्वी पुन्हा मोजावे. रात्री ऊन नसते, म्हणून जे क्लोरीन खर्च होते ते पाण्यातील सजीव आणि सेंद्रिय घाणीवरच. घट १ पीपीएमपेक्षा अधिक असेल तर शेवाळ शिल्लक आहे, पाणी कितीही नितळ दिसो. आमची घट पहिल्या रात्री ५, दुसऱ्या रात्री ३ आणि चौथ्या रात्री अर्धा पीपीएम होती. पूर्वी आम्ही दुसऱ्याच दिवशी थांबत होतो, आणि तेथेच आठवड्यानंतरच्या हिरवेपणाची पेरणी होत होती.

उन्हात उडणारे क्लोरीन

संरक्षक नसलेले क्लोरीन भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतांश नष्ट होते. ते टिकावे म्हणून सायन्युरिक आम्ल ३० ते ५० पीपीएम असावे लागते. आमच्यासारख्या अल्कधर्मी पाण्याला टीसीसीएच्या गोळ्या यासाठी सोयीच्या पडतात, कारण त्या स्वतः आम्लधर्मी आहेत आणि त्यांतून येणाऱ्या दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्लही मिळते. ४० हजार लिटरमध्ये सव्वादोन किलो गोळ्या विरघळल्या की साधारण ३० पीपीएम आम्ल होते. मात्र तेथे थांबावे. गोळ्या सोप्या म्हणून सबंध हंगाम त्याच वापरणाऱ्यांचे सायन्युरिक आम्ल १०० च्या पुढे जाते, आणि मग क्लोरीन इतके जखडले जाते की ३ पीपीएम असूनही शेवाळ वाढते. मुक्त क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या किमान साडेसात टक्के राखावे, हा आडाखा धरला तर ४० ला ३ पीपीएम पुरते, १०० ला साडेसात लागते. हे आम्ल काढण्याचा घरगुती उपाय पाणी बदलणे हाच. म्हणून ३०-४० पर्यंत गोळ्या आणि त्यानंतर संध्याकाळी द्रवरूप हायपोक्लोराइट किंवा निवळलेली पावडर, अशी वाटणी मी ठेवली आहे.

मोरचूद, तुरटी आणि डीएपी

संत्र्याच्या पट्ट्यात बोर्डो मिश्रणासाठी प्रत्येकाच्या घरी मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) असतेच, त्यामुळे शेवाळ दिसले की मूठभर मोरचूद टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. मीही तो एकदा ऐकला. इतक्या अल्कलिनिटीच्या पाण्यात तांबे फार काळ विरघळलेले राहत नाही; ते भिंतीवर निळसर-काळ्या डागांच्या रूपाने बसते, आणि गोऱ्या-पांढऱ्या केसांना हिरवट झाक येते ती वेगळी. ते डाग आजही पायऱ्यांवर आहेत. तुरटी मात्र निरुपयोगी नाही: मेलेल्या शेवाळाचा गाळ बसवण्यासाठी सामू ७.२ च्या आसपास असताना ती चांगले काम करते, फक्त तळाचा गाळ फिल्टरमधून न फिरवता थेट बाहेर सोडावा.

खतांकडे माझे लक्ष उशिरा गेले. जुलैत डीएपी किंवा युरिया देऊन आलेली मंडळी तलावाच्या काठावर हातपाय धूत. डीएपीच्या १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम अमोनियारूपी नत्र असते आणि ते संपवायला त्याच्या जवळजवळ दहापट, म्हणजे १८० ग्रॅम क्लोरीन लागते. आमच्या तलावात हे साडेचार पीपीएम झाले. वर स्फुरद शेवाळाला खाद्य म्हणून मिळते. डोळे झोंबणारा 'क्लोरीनचा वास' हा बहुधा अशाच अमोनियाशी बद्ध झालेल्या क्लोरीनचा असतो आणि तो आला तर क्लोरीन कमी करायचे नसते, वाढवायचे असते. आता काठावर स्वतंत्र नळ बसवला आहे.

आता आठवड्याला काय करतो

भर घातलेल्या २,२४० लिटरांची अल्कलिनिटी मारण्यासाठी उन्हाळ्यात आठवड्याला सुमारे १.८ लिटर ॲसिड लागते. ते दोन हप्त्यांत देतो. सामू आणि क्लोरीन एक दिवसाआड, अल्कलिनिटी आठवड्याला, काठिण्य आणि सायन्युरिक आम्ल महिन्याला मोजतो. नमुना कोपरभर खोलीवरून, पाणी परत येणाऱ्या तोंडापासून दूर घेतो. द्रावणांच्या बाटल्या पंपाच्या पत्र्याच्या खोलीत न ठेवता घरात ठेवतो आणि दर वर्षी बदलतो. ४५ अंशांत तापलेली द्रावणे खोटे रंग दाखवतात. शेतीच्या फिडरवर वीज पाळीने येते, म्हणून पंप रात्रीच्या पाळीत चालवतो. आमचा पंप तासाला सुमारे ८ हजार लिटर फिरवतो, त्यामुळे पाच तासांत तलावाएवढे पाणी फिल्टरमधून जाते.

काठिण्य एप्रिलअखेर ६०० च्या पुढे गेले आहे आणि ते कमी करणारे स्वस्त औषध नाही. पाणी क्षार बसवणारे आहे की सिमेंट खाणारे, हे सांगणारा लँगेलियर निर्देशांक १९३६ पासून वापरात आहे. त्यात सामू, अल्कलिनिटी, काठिण्य आणि तापमान एकत्र धरतात, आणि तो शून्याच्या जवळ असावा. आमचा सुरुवातीला १.७ च्या आसपास होता. काठिण्य तेवढेच ठेवून सामू ७.४ आणि अल्कलिनिटी ८० वर आणल्यावर तो सुमारे ०.३ झाला आणि फरशीवर नवा पापुद्रा धरणे थांबले.

काठिण्यावरचा खरा उतारा मृगानंतर मिळतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून जूनच्या सुरुवातीला तलाव एक तृतीयांश उपसून शेतघराच्या छपराचे पन्हाळीचे पाणी, पहिले दोन पाऊस वाया जाऊ देऊन, जाळीतून तलावात सोडतो. उपसण्यापूर्वी चार-पाच दिवस क्लोरीन टाकणे बंद ठेवून ते शून्यावर येऊ द्यावे. तरीही हे पाणी संत्र्याच्या झाडांना देऊ नये, कारण क्लोराइड आणि क्षार संत्र्याला सोसत नाहीत. आम्ही ते बांधावरच्या कडुनिंबांकडे वळवतो. पावसाळ्यात संपूर्ण तलाव मात्र कधीही रिकामा करू नये. भोवतालची काळी माती पाणी पिऊन फुगते, भिंतींवर बाहेरून दाब येतो आणि आत पाण्याचा आधार नसेल तर भिंत तडकते किंवा तळ वर उचलला जातो.